इंजिनं दोन, जू एक

मागच्या उन्हाळ्यात घराच्या फाटकाची बिजागरी तुटली म्हणून उंब्रजच्या महामार्गाकडेच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलो होतो. ऊसवाहतुकीच्या दोन ट्रॉल्या दुरुस्तीला उलट्या पाडल्या होत्या. त्यांच्या मागं, कामाच्या वेळेत कुणाच्या नजरेला पडू नये अशा बेतानं, चौकोनी पाइपची एक लांबट चेसिस विटांवर टेकवली होती. तिच्यावर मोटरसायकलची दोन जुनी इंजिनं एकापुढं एक बसवलेली. दोन्हींच्या साखळ्या एकाच आडव्या शाफ्टवर आणलेल्या आणि त्या शाफ्टवरून तिसरी साखळी मागच्या आसाला. वेल्डिंगचा मणी सुरेख, सलग, कुठं भोक नाही की थुंकी उडालेली नाही. पोरगा असेल विशी-बाविशीचा. मी बघतोय म्हटल्यावर हातातला ग्राइंडर ठेवून आला.

“रस्त्यावर न्हाई काढायची काका,” मी काही विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं. “रानातच पळवायची.”

एका इंजिनावर गाडी ऐंशीनं जाते, दोनवर एकशेसाठ जाईल, हा त्याचा हिशेब. मग त्यानं मला शेडचा पत्रा दाखवला. चाचणी घेताना पुढचं इंजिन आधी उठलं, मागचं मागं राहिलं, मधली साखळी तुटली आणि पत्रा फाडून बाहेर गेली. बोटभर लांबीची चीर होती, कडा बाहेरच्या अंगाला वळलेल्या. पैलवान कानाची घडी दाखवतो तशी तो ती चीर दाखवत होता. त्या जागी तेव्हा कुणी उभं नव्हतं.

तेव्हापासून मला त्या मण्याचं कौतुक वाटतं आणि त्या चिरेची धास्तीही. दोन्ही गोष्टी एकाच शेडमधल्या, एकाच हाताच्या. अशा पोरांचं काय करायचं हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका सोपा नाही. ‘जुगाड’ म्हणून टाळ्या पिटणारे आणि ‘जप्त करा’ म्हणणारे दोघंही त्याचा एकेक तुकडाच पाहतात.

आधी त्या हिशेबाचं बघू, कारण त्यातच गोडी आहे. गाडी वेगात असली की खरा विरोध हवेचा असतो, आणि हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट हवी. उलट बाजूनं पाहिलं तर ताकद दुप्पट केली की वेग वाढतो फक्त सव्वापट. म्हणजे आपल्या पोराची ऐंशीची गाडी दोन इंजिनांवर ढोबळमानानं शंभरच्या आसपास जाईल, एकशेसाठला त्याला आठ इंजिनं लागतील. जगात ज्यांनी ज्यांनी जमिनीवरच्या वेगाचा विक्रम करायला एकापेक्षा जास्त इंजिनं जोडली, ते सगळे याच घनाच्या कचाट्यात सापडलेले.

इंग्लंडच्या हेन्री सीग्रेव्हनं २९ मार्च १९२७ रोजी अमेरिकेत डेटोनाच्या वाळूवर ताशी २०३.७९ मैल, म्हणजे सुमारे ३२८ किलोमीटरचा वेग गाठला. दोनशे मैलांपलीकडं गेलेली ती पहिली मोटार. त्याच्या सनबीममध्ये विमानाची दोन इंजिनं होती, प्रत्येकी २२ लिटरच्या वर, एक चालकाच्या पुढं आणि एक मागं. ती दोन्ही एकदम सुरू करताच येत नसत. आधी मागचं इंजिन दाबाच्या हवेनं सुरू करायचं, मग घर्षणाच्या क्लचमधून पुढचं हळूहळू फिरवायचं, दोघांचे फेरे जुळले की दातांचा क्लच टाकून दोन्ही पक्की जखडायची. बैल जुंपणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नवखी जोडी असली की एक बैल आधी उसळतो, जू तिरकं होतं आणि छकडा आडवा जातो. आपल्या पोराची साखळी तुटली ती नेमकी त्याच कारणानं. त्याच्याकडं बैल दोन होते, जू नव्हतं.

जॉन कॉबच्या रेल्टन गाडीनं ही भानगड मुळातच टाळली. तिच्यातल्या दोन नेपियर इंजिनांपैकी एक पुढची चाकं ओढायचं, दुसरं मागची ढकलायचं, मध्ये बांधणी नाहीच. १९४७ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर ती ताशी ३९४ मैलांवर गेली, आपल्या मापानं ६३४ किलोमीटर. ही झाली श्रीमंतांची आणि विमान कारखान्यांची मजल. उंब्रजच्या शेडला जवळचा वाटेल तो मिकी थॉम्पसन. हा लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्रात छपाईयंत्रावर काम करायचा. बाजारातल्या मोटारीला असतात तशी चार पाँटियाक इंजिनं एका गाडीत घालून ९ सप्टेंबर १९६० रोजी तो ४०६ मैलांवर गेला. पण विक्रम धरायचा तर तासाभराच्या आत उलट दिशेनंही धावावं लागतं, दोन्हींची सरासरी धरतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये. परतीच्या धावेत गाडीनं दगा दिला आणि विक्रमाच्या वहीत त्याचं नाव लागलं नाही. पाच वर्षांनी समर्स बंधूंनी कॅलिफोर्नियात भाजीच्या एका जुन्या दुकानाच्या जागेत चार इंजिनं एकामागोमाग एका ओळीत मांडून काडीसारखी निरुंद गाडी बांधली आणि १२ नोव्हेंबर १९६५ ला ४०९ मैलांचा विक्रम पक्का केला. वजनापेक्षा हवेला दिसणारी छाती कमी करायची, ही त्यांची अक्कल. लांबी वाढली तर वाढू दे, रुंदी वाढता कामा नये.

हे सांगताना दुसरी बाजू झाकणं बरोबर नाही. सीग्रेव्हला मागं टाकायला अमेरिकेत व्हाइट ट्रिप्लेक्स नावाची गाडी बांधली गेली. तिच्यात विमानाची तीन लिबर्टी इंजिनं, मिळून ८१ लिटर. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही. नियम असा होता की गाडीला मागं जाण्याची सोय हवी. तेव्हा मागच्या बाजूला एक जादा आस लटकवून तो तरफेनं जमिनीवर टेकवायची व्यवस्था दाखवली गेली आणि तपासनीसांचं समाधान झालं. (आरटीओच्या पासिंगपुरता भाड्यानं आणलेला स्पीड गव्हर्नर ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.) १९२८ मध्ये रे कीचनं या गाडीवर विक्रम केला. पुन्हा बसायला मात्र तो तयार झाला नाही. १३ मार्च १९२९ ला ली बायबल नावाचा गॅरेजवाला तिच्यात बसला. असल्या वेगाचा त्याला अनुभव नव्हता. गाडी वाळूच्या ढिगात उलटली, तो गेला आणि चित्रीकरण करायला उभा असलेला चार्ल्स ट्रॉबही गेला. कीचचा विक्रम आणि या दोन मृत्यूंमध्ये वर्षही नाही.

आता आपल्याकडं येऊ. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी जेमतेम सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी १९४९ च्या सुमारास ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढं सुधारत सुधारत सत्तरच्या दशकापर्यंत आणला. इंजिन मागं, धक्के झेलायला स्प्रिंगांऐवजी रबर, किंमत बारा हजारांच्या घरात ठेवायचा मनसुबा. योगायोग बघा, बॉनव्हिलच्या मिठागरावर घरी बांधलेल्या गाड्यांचा पहिला वेगाचा आठवडा भरला तोही १९४९ मध्येच. तिथल्या हौशी मंडळींनी आपलीच संघटना करून नियम घातले, तपासणीचा तंबू उभारला आणि त्यातून एक आख्खा धंदा आणि विद्या वाढली. इचलकरंजीची मीरा परवान्यांच्या आणि परवानग्यांच्या राज्यात उत्पादनापर्यंत पोचलीच नाही. शंकररावांची गाडी काळाच्या कसोटीला उतरली असती की नाही, हे आज कुणी सांगू नये. ती कसोटी द्यायला त्यांना मैदानच मिळालं नाही, एवढं मात्र म्हणता येतं.

आणि ही हौस आभाळातून पडलेली नाही. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात लोखंडाची विद्या जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना वसवला आणि लोखंडी नांगर घराघरांत नेला. विहिरीवरचं इंजिन उघडून बसवता येणारा माणूस इथं प्रत्येक गावात एक तरी असायचाच. तोच पुढं ट्रॅक्टरचा मिस्त्री झाला आणि त्याचा पोरगा आज चेसिसला मणी मारतोय.

याच पट्ट्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातल्या सामानातून छोटी जीप बांधली. दुचाकीचं इंजिन, रिक्षाची चाकं, जीपसारखं तोंड, स्टिअरिंग डाव्या अंगाला आणि सुरू करायला चक्क किक. खर्च साठ हजारांच्या आसपास. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत उद्योगपती आनंद महिंद्र यांच्यापर्यंत गेली. गाडी कुठल्याच नियमात बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, हे त्यांनी उघड लिहिलं, आणि त्याच दमात तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये सांगलीत बोलेरो ताब्यात मिळाली आणि घरची जीप महिंद्रांच्या कंपनीच्या संशोधन केंद्राकडं गेली.

मलाही तेव्हा आनंद झाला होता. आजही वाटतं, महिंद्रांनी केलं ते मनाचा मोठेपणा दाखवणारं होतं, कायद्याची बाजूही त्यांनी लपवली नाही. पण त्या सौद्याकडं जरा निरखून पाहिलं की कळतं, लोहारांना बक्षीस मिळालं, वाट मिळाली नाही. उद्या त्यांनी दुसरी जीप बांधली तर तिचं स्थान पहिलीइतकंच बेकायदा. आणि त्यांचं पाहून उंब्रजच्या शेडमध्ये कुणी काही बांधलं तर त्याला दुसरे महिंद्र कुठून भेटणार?

कायद्याच्या बाजूनं बोलायला माणसं कमी असतात, म्हणून ती मी जरा जोर देऊन मांडतो. पुणे-बेंगळुरू महामार्ग आमच्या गावातून जातो. इथं कंटेनर, एसटी, खासगी आरामबस आणि चाफळच्या रामाला निघालेली दुचाकीवरची तिघं एकाच रस्त्यावर असतात. त्यात हंगामाला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलात माखलेला, वर गाण्याचा भोंगा. अंधारात ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळल्याची बातमी ज्या हंगामात आली नाही असा हंगाम मला आठवत नाही. त्या ट्रॉल्या इथल्याच शेडमध्ये जोडलेल्या असतात. कारागिराचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. जोड धरला की त्याचं काम संपतं. ब्रेक किती अंतरात लागला पाहिजे, धडक बसली तर पाइप माणसाच्या छातीकडं येईल की बाजूला दुमडेल, हे विचारणारं त्या शेडमध्ये कुणी नसतं. नोंदणी नाही तर विमा नाही, आणि विमा नाही तर ज्याचा पाय गेला त्यानं भरपाई कुणाकडं मागायची? गाडी बांधणाऱ्याच्या घरात विकायला तेवढं काही नसतंच.

सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलं, जुगाड गाड्या याही मोटारगाड्याच, त्यांना कायदा लागू. जानेवारी २०१९ च्या निकालानं, उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालणार नाहीत हे पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला दर बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लावली. नवी गाडी बाजारात आणायची तर नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो. ती व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आहे. एकच गाडी बांधणाऱ्यानं तिथं जायचं म्हणजे एक शेळी विकायला जहाज भाड्यानं घेण्यासारखं. तरीही कायद्याचा गाभा मला पटतो. सार्वजनिक रस्ता ही कुणाची प्रयोगशाळा नव्हे.

गाठ पडते ती इथं, कारण आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधतोय. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर चालवणं ही एक, आणि ती बंदिस्त जागेत पळवून बघणं ही दुसरी. सीग्रेव्ह काय, थॉम्पसन काय, त्यांच्या गाड्या रस्त्यासाठी नव्हत्याच. नोंदणीची सक्ती सार्वजनिक ठिकाणापुरती नाही, पण फक्त बंदिस्त आवारात वापरायच्या खास गाडीला कायदा मोटारगाडी धरतच नाही. म्हणजे पोरगं ‘रानातच पळवायची’ म्हणालं ते, रान बंदिस्त असेल तर, नकळत कायद्याच्या कडेवरून चालत होतं. मात्र त्याच रानात तिकीट लावून हजार माणसं उभी केली तर ते सार्वजनिक ठिकाण झालं की काय, हा वाद निघू शकतो. म्हणून नियम हवेत, आणि ते करायचं उदाहरण आपल्या अंगणात आहे.

बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली. गाववाले भांडले, सरकारनं कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. पण जुनी शर्यत जशीच्या तशी परत आली नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, धावपट्टीच्या लांबीला मर्यादा, काठी नाही, चाबूक नाही, अशा अटींवर आली. त्या प्रत्येक मैदानात पाळल्या जातात असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण अटी आहेत म्हणून त्यांच्यावर बोट तरी ठेवता येतं. बैलाला तपासायला डॉक्टर आहे. दोन इंजिनांच्या चेसिसला कुणी नाही.

तपासणारी माणसं मात्र हाकेच्या अंतरावर आहेत. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचं वालचंद, इस्लामपूरजवळचं राजारामबापू. ‘बाहा’ स्पर्धेसाठी अभियांत्रिकीची पोरं स्वतः गाडी बांधतात, तिथं सगळ्यांना एकच ठरलेलं छोटं इंजिन असतं, चालकाभोवती पाइपचा पिंजरा सक्तीचा असतो, वेल्डिंगचा नमुना कापून दाखवावा लागतो. ती गाडी ट्रकातून जाते आणि ट्रकातूनच परत येते, रस्त्याला तिचं चाक लागत नाही. विद्यार्थ्याला मिळतं ते शेडमधल्या पोराला का मिळू नये, याचं उत्तर फक्त ‘त्याचं नाव कॉलेजच्या पटावर नाही’ एवढंच असेल तर ते पुरेसं नाही. वर्षातून दोन-तीन दिवस, पडीक माळावर आखलेली सरळ पट्टी, प्रेक्षक बांधापलीकडं, आणि धावण्याआधी कागदावरची तपासणी: साखळीवर जाड पत्र्याचं कवच आहे का, पेट्रोलची टाकी चालकापासून आडोशाला आहे का, हात सुटला की इंजिन बंद होतं का. एवढ्या तीन प्रश्नांत निम्मे अपघात टळतील असं मला वाटतं.

रस्त्यावर यायचं म्हणणाऱ्यांसाठी वाट अरुंदच असावी, पण असावी. ब्रिटनमध्ये स्वतः बांधलेली एकच गाडी सरकारी तपासनीसासमोर नेऊन, पास झाली तर नोंदवता येते. आपल्याही कायद्यात अपंग व्यक्तीसाठी एकेका गाडीत बदल करून ती नोंदवायची तरतूद आहेच, म्हणजे एक गाडी एकटी तपासणं आपल्याला अशक्य नाही. वेगाला आणि वाहतुकीच्या अंतराला मर्यादा घालून, शेतीकामापुरतं, सुरुवातीला एक-दोन जिल्ह्यांत हे करून पाहता येईल.

याविरुद्धचे आक्षेप मलाच छळतात. पहिलं म्हणजे मैदान आलं की मंडप येतो, मंडप आला की पुढारी, लाखाचं बक्षीस आणि डॉल्बी. ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी नेण्याच्या स्पर्धांत गर्दी चाकांच्या किती जवळ उभी असते ते मी पाहिलंय. चार्ल्स ट्रॉब चालक नव्हता, हे आयोजकांनी आधी पाठ करावं. दुसरं, तपासणीच्या कागदावर सही करणारा प्राध्यापक उद्या अपघात झाला तर न्यायालयात उभा राहणार, त्याला संरक्षण नसेल तर तो सही करणार नाही आणि करूही नये. तिसरा आक्षेप पैशाचा. कराडच्या एमएच ५० च्या परिवहन कार्यालयात आजच माणूसबळ अपुरं, त्यात ही नवी जबाबदारी कोण घेणार? त्याला माझ्याकडं झटपट उत्तर नाही. खर्च मैदान भरवणाऱ्यांनी आणि ज्यांच्या ऊसवाहतुकीवर या शेड जगतात त्या साखर कारखान्यांनी उचलावा असं मला वाटतं, पण वाटण्यानं अंदाजपत्रक होत नाही.

तरीही तराजू माझ्या हातात एका बाजूला झुकतो. बंदीनं ही हौस मरत नाही, ती ट्रॉल्यांच्या मागं विटांवर जाऊन बसते, जिथं पत्र्याला पडलेली चीर फक्त बांधणाऱ्यालाच दिसते.

गणपतीनंतर पुन्हा त्या शेडवरून गेलो. साखळ्यांवर आता पाच मिलिमीटरच्या पट्टीचं कवच होतं आणि दोन्ही इंजिनांच्या क्लचना एकच केबल जोडलेली. “हे कुणी सांगितलं?” म्हटलं. “पत्र्याची चीर रोज दिसतीया की काका.” मग मी घनाचा हिशेब त्याला खडूनं फरशीवर मांडून दाखवला. आठ इंजिनांचा आकडा ऐकून तो बराच वेळ गप्प बसला आणि मग टेप घेऊन चेसिसची रुंदी मोजायला लागला. आता गाळप तोंडावर आलंय. ट्रॉल्यांची रांग लागल्यामुळं चेसिस शेडबाहेर भिंतीला उभी केलीय, वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स.